मांडी माझी होती

आईने मॅडमच्या पायांवर डोकं ठेवलं.

डोंबिवलीतला हॉल होता. गच्च भरलेला. स्टेजवर समई, हारांचं ताट, मखमली खुर्च्या. मॅडमच्या कथेला पुरस्कार मिळालेला. मी आणि आई स्टेजवर होतो, कारण मॅडमनी बजावलेलं, "तुम्ही दोघींनी यायचंच. ही गोष्ट तुमचीच आहे." आईने निळी साडी इस्त्री करून घेतली होती.

माझी आई म्हातारी आहे. मॅडम तिच्याहून लहान. आई आधी वाकली, मग तिने गुडघे टेकले, मग दोन्ही पावलांवर कपाळ ठेवलं. कुणीतरी माईक तिच्या तोंडाजवळ नेला. आई रडत बोलली.

"तुम्ही माझ्या सुनीताचं डोकं मांडीवर घेतलंत. मरताना माझ्या लेकीला मांडी मिळाली. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

मग टाळ्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मी मॅडमकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या सांगतील. आई, ती मी नव्हे, ती गोष्टीतली बाई आहे. एवढं एकच वाक्य. मॅडमनी डोळे मिटले. आईला खांद्यांना धरून उठवलं. मिठीत घेतलं. फोटोवाले पुढे सरकले.

माझी बहीण गेली त्या दिवशी मॅडम पुण्यात होत्या. भाचीच्या साखरपुड्याला. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यांच्या घराची चावी माझ्याकडे होती.

मी माईकला हात घातला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने तो हसत बाजूला घेतला. "ताई, वेळ कमी आहे ना." मग तिने लोकांकडे वळून सांगितलं, "ज्यांच्याकडे शब्द नाहीत त्यांचे शब्द होणं, हेच लेखकाचं काम." परत टाळ्या. माझ्या हातात शाल आणि नारळ आला.

माझ्याकडे शब्द होते. बारावी पास आहे मी. बीएचं एक वर्ष केलंय. पण मी नारळ धरून उभी राहिले. नमस्कार केला. हसलेसुद्धा. फोटोत ते हसू आहे.

*

आम्ही मूळचे बार्शीकडचे. बाप गावीच वारला. आईने आम्हा दोघी बहिणींना कल्याणला आणलं. कल्याण पूर्वेला चाळीत एक खोली. आईने लोकांची धुणीभांडी करून आम्हाला शिकवलं. ताई दहावीपर्यंत, मी तिच्या पुढे थोडी. शेवटी आम्ही दोघी घरकामालाच लागलो. कल्याणहून ठाण्यात खोपटला जाणारी एसटी पकडायची, माजिवड्याला उतरायचं. तिथल्या टॉवरमध्ये ताई चौदाव्या मजल्यावर एका घरी झाडूपोछा, भांडी करायची. मी नवव्या मजल्यावर मॅडमकडे स्वयंपाक करायचे.

मॅडम लेखिका. कॉलेजात शिकवायच्या, आता रिटायर. घरभर पुस्तकं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला, ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी असलं काही मानत नाही हं." नंतर चहा देताना परत म्हणाल्या, "खरंच मानत नाही." माझा कप मात्र वेगळा होता. खिडकीत, कुंडीशेजारी ठेवलेला.

टॉवरला तीन लिफ्ट. दोन रहिवाशांच्या, एक सर्व्हिस. खाली बोर्ड लावलेला. कामवाल्या, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. कचऱ्याचे डबे त्यातूनच, आम्हीही त्यातूनच. ती बंद असली की जिना. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, असं म्हणणं खोटं आहे. वाटायचं. पण रोज वाटून चालत नाही. एसटी पकडायची असते.

त्या दुपारी वर कुणाचं तरी नवीन फर्निचर चढत होतं. सर्व्हिस लिफ्ट त्यात अडकलेली. ताईला सातवा महिना. मी मॅडमच्या झाडांना पाणी घालायला आलेले. ताईचा फोन आला. "मी निघालेय. जिन्याने येतेय. तू तिथेच थांब, एकत्र जाऊ."

मी दार बंद करून जिन्यात आले. ताई दहाव्याच्या खालच्या वळणावर बसलेली. कठड्याला धरून.

"कळ येतेय गं. खूप येतेय."

मग मला तिची सलवार दिसली. रक्त पायापर्यंत आलेलं.

मी तिला उचलू शकले नाही. काखेत हात घालून अर्धी चालवत, अर्धी ओढत नवव्याच्या लॉबीत आणलं. संगमरवरी फरशी. लिफ्टच्या दारासमोर ती आडवी झाली. मी बटण दाबलं. दार उघडलं. आत एक माणूस, कानाला फोन. त्याने बघितलं. बोटाने सर्व्हिस लिफ्टची बाजू दाखवली. दार मिटलं.

मी परत बटण दाबलं. ताईचं डोकं फरशीवर आपटत होतं, म्हणून मी खाली बसले आणि ते मांडीवर घेतलं. लिफ्ट आली. आत एक बाई आणि शाळेच्या ड्रेसमधली तिची छोटी मुलगी.

मी ओरडले, "मॅडम, प्लीज. खाली न्यायचंय हिला."

मुलगी म्हणाली, "मम्मा, आंटीला ब्लड येतंय."

बाईने मुलीचं तोंड आपल्या पोटाकडे फिरवलं. "सर्व्हिसने न्या ना. मी खाली सिक्युरिटीला सांगते." आणि बटण दाबलं.

ताई म्हणाली, "दार धर."

दार मिटायला लागलं. मी एक हात लांब केला. पोचला नाही. दुसऱ्या हातात तिचं डोकं. सोडलं असतं तर दार धरता आलं असतं. डोकं सोडू की दार? मला कळलंच नाही. ती परत म्हणाली, "दार धर गं."

दार मिटलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

हे असं झालं. ही मांडी अशी होती. ती काही मायेची जागा नव्हती. त्या मांडीपायी माझा हात दारापर्यंत पोचला नाही.

थोड्या वेळाने खालचा वॉचमन धावत वर आला. उत्तर प्रदेशातला माणूस, चाचा म्हणायचो आम्ही. तो काही विचारत बसला नाही. रहिवाशांची लिफ्ट बोलावली, दारात स्वतः आडवा उभा राहिला, फर्निचरच्या दोन हमालांना हाका मारल्या. वरून कुणीतरी आवाज दिला, "ये लिफ्ट क्यों रोका है?" चाचा वर बघून ओरडला, "आप जिने से आ जाओ." प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी ताईला खाली नेलं. रिक्षा. हायवे. हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. बाळही गेलं. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी चावी द्यायला गेले तर लॉबी चकाचक. फिनेलचा वास. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "वाईट झालं. पण अशा अवस्थेत कामाला यायचं कशाला?"

*

दिवस-पाणी झाल्यावर मी कामावर परत गेले. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, गावी निघून गेलेले. घरी आई भिंतीकडे तोंड करून बसायची. मी कुणाशी बोलणार?

मॅडमनी मला त्या दिवशी खुर्चीत बसवलं. स्वयंपाकघरातल्या त्यांच्या खुर्चीत, पहिल्यांदा. त्यांच्या कपातून चहा दिला. माझा हात हातात घेतला. "सांग. सगळं सांग. मन मोकळं कर."

मी सांगितलं. फोन ओट्यावर ठेवलेला, त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. मला दिसत होता. पण थांबवलं नाही स्वतःला. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. मॅडम रडल्या. मध्येच त्यांनी विचारलं, "फरशी कुठल्या रंगाची होती? पांढरी? आणि रक्त? लगेच काळपट झालं का?" मी तेही सांगितलं. "तिच्या हातात बांगड्या होत्या?" होत्या. "फुटल्या का?" नाही फुटल्या. मॅडम थोड्या नाराज झाल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं, आपल्यालाच तसं दिसतंय.

त्या दिवशी एसटीत मला झोप लागली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. कुणीतरी ऐकलं होतं. तेवढ्यावर माणूस झोपू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळी अंकात कथा आली. 'बाराव्या मजल्यावरची ओटी'. मॅडमनी अंक दिला, वर सही करून. मी उभ्या उभ्या वाचला.

ताईचं नाव दुर्गी. दुर्गी अंगठेबहाद्दर. दुर्गी बोलते, "म्या गरीब हाय जी." माझी ताई असं कधीच बोलली नाही. ती कल्याणचं बोलायची. "मी आलेले ना काल." ती चिडली की "भेजा नको खाऊस" म्हणायची. दुर्गी शिव्या देत नाही, चिडत नाही, देवभोळी आहे. वॉचमन दुष्ट. पान खाऊन तोच तिला लिफ्टमधून हाकलतो. मग लिफ्टचं दार उघडतं. हिरव्या काठाच्या साडीतली एक शिकलेली बाई बाहेर येते. नियम झुगारून फरशीवर बसते. दुर्गीचं डोकं मांडीवर घेते. तिचे अश्रू दुर्गीच्या कपाळावर पडतात. बांगड्या फुटतात. दुर्गी म्हणते, "बाईसायेब, तुमी देवी हाय." आणि डोळे मिटते.

मी नाही. कुठेच नाही. दुर्गीला बहीणच नाही.

दार मिटत नाही त्या गोष्टीत. एकदाही मिटत नाही.

मी अंक मिटला आणि कणीक मळली. मॅडमनी विचारलं, "वाचलीस? कशी वाटली?" मी म्हटलं, "छान आहे."

*

मग ती गोष्ट फोनवर आली. कुणीतरी गोड आवाजात वाचलेली, मागे बासरी. टॉवरमधल्या बायकांनी एकमेकींना पाठवली. तिथून कामवाल्यांच्या ग्रुपवर, तिथून आमच्या चाळीत. शेजारच्या मुलीने आईच्या फोनवर टाकून दिली.

आई ती ऐकायला लागली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, भाजी निवडताना. भिंतीकडे तोंड करून बसणारी माझी आई आता शेजारणींना बोलावून ऐकवायची. मांडीचा भाग आला की डोळे पुसायची. पण चेहरा शांत व्हायचा. जेवायला लागली. मी काय बोलणार होते? ती जेवतेय हेच पुष्कळ होतं. मला वाटलं, तिला माहीत आहे की ही गोष्ट आहे.

स्टेजवर तिने पायांवर डोकं ठेवलं तेव्हा कळलं, तिला माहीत नव्हतं.

डोंबिवलीहून रिक्षाने येताना मी तिला सांगितलं, "आई, मॅडम तिथे नव्हत्या. पुण्याला होत्या त्या दिवशी."

घरी आल्यावर तिने शालीची घडी घातली. मग विचारलं, "मग कोण होतं?"

"मी होते. मांडी माझी होती. तुला मी हॉस्पिटलातच सांगितलेलं."

"तू होतीस हे मला ठाऊक आहे गं. तू बहीण. तू धरणारच. त्यात काय." तिने शाल बाजूला ठेवली. "पण एवढी मोठी बिल्डिंग. एवढ्या बायका. त्यातली एक तरी बाहेर आली, असं मला वाटायला नको का?"

"नाही आली कुणी."

"मला तेवढं राहू दे."

"पण आई, ते खोटं..."

"राहू दे म्हटलं ना!"

तिने शाल ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं.

आणि मग माझं सुरू झालं. एका सकाळी मी मॅडमकडे भाजी चिरत होते. ताईचा चेहरा आठवायला गेले. तिचं कपाळ आठवलं, त्यावर पाण्याचे थेंब. जवळच हिरवा काठ. मी सुरी खाली ठेवली. हिरवा काठ कुठून आला? तिथे हिरवा काठ नव्हता. मी पिवळा कुर्ता घातलेला. मी रडलेही नव्हते, ओरडत होते. मग हे थेंब कुणाचे?

मॅडमचे. माझ्या डोक्यात शिरलेले.

मी डोळे गच्च मिटले. ताईचा खरा चेहरा काही केल्या येईना. तोंड उघडं होतं की मिटलेलं? ती माझ्याकडे बघत होती की दाराकडे? सगळीकडे ती दुर्गीच. फुटलेल्या बांगड्यांची, देवभोळी दुर्गी. माझी बहीण एकदा लॉबीत मेली होती. आता ती माझ्या डोक्यात मरत होती आणि तिच्या जागी कुणीतरी दुसरीच येऊन निजत होती. आईकडून ती गेलीच होती. माझ्याकडून गेली की ती कुठेच उरणार नव्हती.

इतकी भीती मला त्या लॉबीतही वाटली नव्हती.

*

मॅडम लिहायच्या खोलीत होत्या. मी दारात उभी राहिले.

"मॅडम, ती मांडी माझी होती."

"काय गं?"

"गोष्टीत ती बाई घेते. लिफ्टमधून कुणी आलं नव्हतं. तुम्ही ते बदला. आणि आईला सांगा की तुम्ही नव्हता."

त्यांनी चष्मा काढला. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं वेडे, ती कथा आहे. बातमी नाही. वाचकाला नुसतं अंधारात नेऊन सोडता येत नाही. कुठेतरी माणुसकी दाखवावी लागते."

"नव्हती पण."

"म्हणून तर दाखवायची." त्या हसल्या. "आणि तुझ्या आईचं म्हणशील, तर तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघितलंस ना? ते मी काढून घेऊ? इतकी क्रूर मी नाही होऊ शकत."

"मग मी लिहीन."

"लिही की. कुणी अडवलंय?" आवाज अगदी मायेचा. "पण एक लक्षात ठेव. घडलं तसं सांगणं म्हणजे लिहिणं नव्हे. त्याला वेगळी नजर लागते. ती असते किंवा नसते." चष्मा परत डोळ्यांवर. "बरं, आज पोळ्या जरा मऊ कर. काल कडक झालेल्या."

मी स्वयंपाकघरात गेले. तवा तापलेला. कणीक भिजलेली. मी गॅस बंद केला. खिडकीतला माझा कप उचलला, पर्समध्ये टाकला. परत दारात आले.

"पोळ्या तुम्ही करा."

"म्हणजे?"

"मी चालले."

"एवढ्याशा गोष्टीवरून?"

"हो. त्या गोष्टीवरूनच."

बाहेर येऊन मी रहिवाशांची लिफ्ट बोलावली. आत एक जोडपं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. तळमजल्यापर्यंत उतरले मी त्यातूनच.

संध्याकाळी गेटच्या ॲपवर माझं नाव लाल झालं. प्रवेश बंद. शेजारच्या टॉवरमधलं बोलणं चाललेलं एक काम होतं, तेही गेलं. सगळ्यांना सांगण्यात आलं, बाई चांगली होती पण बहिणीच्या धक्क्याने डोक्यावर परिणाम झालाय.

*

आता मी डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथून सुटले की घरी येऊन लिहायला बसते.

लिहिणं म्हणजे काय, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मी लिहिलं, 'शुभ्र फरशीवर ती निपचित पडली होती.' आणि थांबले. शुभ्र. निपचित. हे माझे शब्द नाहीत. हे मॅडमचे. खोडलं. परत लिहिलं, परत तेच. माझ्या हातात त्यांचा हात होता. बासरीसुद्धा ऐकू येत होती. मी कागद फाडला. आई म्हणाली, "कशाला करतेस हे? त्याने ती परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

मी नवा कागद घेतला. एवढंच माहीत आहे की न लिहिता मला जेवण जात नव्हतं.

खरं काय झालं ते माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. मी चाचाला शोधत गेले. त्याची टॉवरमधली नोकरी सुटलेली. कोपरीला एका जुन्या बिल्डिंगच्या गेटवर भेटला. मला बघून उठून उभा राहिला. मला बसायला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसला.

मी लिहितेय हे त्याला सांगितलं आणि विचारलं, "चाचा, तुम्ही आलात तेव्हा माझी बहीण कुठे बघत होती?"

"लिफ्ट की तरफ. आँख खुली थी. मुँह भी खुला था. तुम उसका सिर पकड़ के चिल्ला रही थी. पीला कपड़ा था तुम्हारा."

पिवळा. मी तिथे गेटवरच रडायला लागले. त्याला वाटलं, त्याने काही चुकीचं सांगितलं. मला तर तो श्वास देत होता.

मग तो हळूच म्हणाला, "वो कहानी मेरे लड़के ने सुनाई. उसमें मैं निकालता हूँ उसको. पान खा के." तो जमिनीकडे बघत होता. "मैं पान नहीं खाता, बेटी. और लिफ्ट मैंने रोका था. इसी के लिए निकाला मुझको. लड़का पूछता है, सच क्या है पापा? तुम लिखेगी तो लिखना. मैंने रोका था."

मी मान हलवली. तेव्हा कळलं, मी काही माझ्या एकटीसाठी लिहीत नाहीये. त्या लॉबीतून त्या गोष्टीने तिघांना उचललं होतं. ताईला, मला आणि चाचाला. रिकाम्या झालेल्या जागेत मॅडमनी स्वतःला बसवलं होतं.

त्यानंतर हात चालला. ताई भेजा नको खाऊस म्हणाली, ते लिहिलं. सलवार लिहिली. फोनवाला माणूस लिहिला, मम्माच्या पोटात तोंड खुपसलेली मुलगी लिहिली. डोकं की दार, ते लिहिताना मी दोन वेळा उठून बाहेर गेले, परत येऊन बसले. लिहिलं.

मी ते पाठवलं. एका संपादकांनी कळवलं, अनुभव दाहक आहे, पण भाषा अनघड आहे, शेवटी थोडी आशा आली तर बघू. दुसऱ्यांचा फोन पोळीभाजी केंद्रात असताना आला. मी तव्यासमोर होते.

"तुम्ही 'बाराव्या मजल्यावरची ओटी' वाचलीय का?"

"हो."

"तरीच. फार साम्य आहे हो. प्रसंग तोच, फक्त तुम्ही तो काळा केलाय. अशी उचलेगिरी आम्ही छापत नाही. स्वतःचं काहीतरी लिहा."

तव्यावरची पोळी जळली. मालकीण ओरडली. मी फोन कानाला धरूनच उभी. स्वतःचं काहीतरी लिहा. माझ्या बहिणीचं मरण मी मॅडमकडून चोरलं होतं.

त्या संध्याकाळी घरी येताना मला वाटलं, पुरे. फाडून टाकावं. सगळ्यांना ती दुर्गी आवडते. आईला आवडते. मीच कशाला मध्ये? चाळीच्या तोंडाशी मी खूप वेळ उभी राहिले. ताईला हाक मारून बघितली मनात. ती आली, तोंड उघडं, नजर दाराकडे. खरी आली. मी लिहिल्यामुळे आली. फाडलं तर ती कुठे जाईल?

मी घरात गेले. आईसमोर बसले. "आई, मी वाचणार आहे. तू ऐक."

"नको."

मी वाचायला सुरुवात केली. आई भिंतीकडे वळली. त्या बाईने मुलीचं तोंड फिरवलं तिथे ती म्हणाली, "पुरे." मी थांबले नाही. तिने कानांवर हात ठेवले. मी थांबले नाही. मग तिने फोन घेतला आणि ती गोष्ट लावली. आवाज पूर्ण. बासरी. 'हिरव्या काठाची ती शिकलेली बाई...' आमच्या एका खोलीत दोन आवाज. दुर्गी देवीच्या मांडीवर मरत होती आणि माझी ताई फरशीवर.

शेजारच्या बायका दारात जमल्या. "काय झालं गं? कशाला म्हातारीला छळतेस?"

मी आवाज वाढवला. घसा फाटेपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मॅडमची गोष्ट माझ्या आधी संपली. आईने ती परत लावली नाही. ती माझ्याकडे बघत होती. इतका राग मी तिच्या डोळ्यांत कधी बघितला नव्हता. ती म्हणाली, "तू माझी पोरगी दुसऱ्यांदा मारलीस."

मी म्हटलं, "असेल."

ती अजून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते, बोलत नाही. मी तिचं सुख काढून घेतलं हे खरं आहे. त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. कुणी छापेल असंही नाही. संपादकांना हवी ती आशा मी शेवटी घालणार नाही. एक शब्द बदलणार नाही. पोळीभाजी केंद्रातल्या बायकांना वाचून दाखवलंय. कोपरीला जाऊन चाचाच्या मुलाला वाचून दाखवलंय. या रविवारी त्या टॉवरच्या गेटबाहेर, फुटपाथवर, बायका कामावर जायच्या वेळेला उभी राहून वाचणार आहे. सिक्युरिटी हाकलेल. पोलीस बोलावतील. मग दुसऱ्या गेटवर जाईन.